क्रमांक सातचं झुडूप

शारकानला बसता येत नाही. पायांना काही झालेलं नाही; साठी उलटली तरी पाय तिचे घोडीसारखे आहेत. पण बूड टेकलं रे टेकलं की तिला काहीतरी आठवतं. चहाची वाटी भरायची, एक घोट घ्यायचा, वाटी खिडकीत ठेवायची आणि अंगणात जायचं. तिच्या घरी गेलेल्या माणसाला निघेपर्यंत अशा चार-पाच अर्ध्या वाट्या दिसतात. एक खिडकीत, एक शिडीच्या पायरीवर, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर. नवरा जुमाकादिर त्या गोळा करत फिरतो आणि म्हणतो, "बायको एकच आहे हो माझी. पण वाट्या बघून लोकांना वाटतं मी चार केल्या."

डोंगरातल्या ताल्दीकेचू गावच्या शाळेत तिनं तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तेही उभ्यानं. वर्गात खुर्ची होती, तिच्यावर नकाशे ठेवायचे. बर्फ वितळायला लागलं की सगळा वर्ग उचलून नदीवर न्यायची. पोरं घोट्याएवढ्या गार पाण्यातून परत यायची, आणि आया भांडायला यायच्या. ती म्हणायची, "पुस्तकातलं झाड ओलं होत नाही, म्हणून डोक्यातही राहत नाही. पायमोजे वाळतात. चहा घेणार?" आणि चहा ओतून स्वतः निघून जायची.

निवृत्त झाल्यावर तिचं कठीण झालं. एकुलता मुलगा मेदेर रशियात, येकातेरिनबर्गच्या कुठल्याशा गोदामात. आधी दर आठवड्याला फोन करायचा, मग महिन्यानं, मग सणाला. शारकान त्याविषयी बोलत नसे. कुणी विचारलं तर "ठीक आहे, मोठा झालाय" एवढं म्हणून ती कुंपणाची फळी तपासायला जाई. अशी सगळी कुंपणं तपासून झाल्यावर तिच्या हाती नदीकाठचं विलो लागलं. तिथून ही गोष्ट.

विलो म्हणजे सगळं एकच, असं शहरातल्यांना वाटतं. ताल्दीकेचूत हे कुणी बोलून दाखवू नये. रस्त्याच्या कडेला आहे ते लावलेलं. त्याची ओली काठी जमिनीत खुपसली की झाड होतं. लोकांनी कुंपणाला मेखा ठोकल्या, नि दहा वर्षांत कुंपणाची रांग जाऊन गल्लीभर सावली झाली. झपाट्यानं वाढतं, आतलं भेंड जाड, वाकवायला गेलं की कोपरात फाटतं. सरपणाला बरं. आणि नदीच्या पात्रात, गोट्यांच्या पुळणीवर आहे ते रानचं. झाड नव्हे, झुडूप; हात वर केलेल्या माणसाएवढं. काड्या लालसर, बोटानं पुसलं तर वरची पांढुरकी भुकटी बोटाला लागते. पानं अरुंद, निमुळती, खालून रुपेरी लव. वारा सुटला की अख्खी पुळण हिरवी असते ती एका क्षणात पांढरी होते. हे दुसरीकडे लावून बघितलेलं आहे. बागेच्या काळ्या मातीत तीन वर्षं कसंबसं उभं राहतं, मग मान टाकतं. त्याला दगड पाहिजेत, दगडांखालून पळणारं गार पाणी पाहिजे, आणि वर्षातून एकदा नदीचा मार पाहिजे.

जुमाकादिर तंबूची लाकडं करतो. लोकरी तंबूच्या जाळीच्या भिंती आणि छताच्या बाकदार काठ्या, त्याच्या आजापासून, याच रानच्या काड्यांच्या. साल सोलायची, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या धगीत शेकायची, ओंडक्याच्या खाचेत अडकवून बाक द्यायचा. रस्त्याकडेच्या विलोनं त्याला आयुष्यात दोनदा फसवलं. दोन्ही वेळा काठी फुटून कपाळाला लागली, खूण अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी ठरलं की नदी सरळ करायची. पुळणी उकरायच्या, गोटा नि वाळू बांधकामाला न्यायची, कडेला सिमेंटचा बांध. कंपनीचं खोदकामाचं पिवळं यंत्र पलीकडच्या काठावर येऊन उभंही राहिलं. रोज सकाळी चालक ते सुरू करायचा, पंधरा मिनिटं गुरगुरवायचा आणि बंद करायचा. पडून राहून इंजिन धरू नये म्हणून. पण शारकानला ते गुरगुरणं सकाळच्या चहाच्या पहिल्या घोटालाच ऐकू यायचं, आणि उरलेली वाटी कुठेतरी पडायची.

काम थांबवायची एकच वाट होती. नदीच्या ज्या पट्ट्यात इथलं मूळचं झुडूप आपल्या नैसर्गिक जागी वाढतं, तो पट्टा कामाला परवानगी देणाऱ्या समितीला वगळावा लागतो. पण तोंडी सांगून भागत नाही. ही वाट तिला दाखवली आयझादानं. आयझादा म्हणजे गार पाण्यातून पायमोजे ओले करून घरी गेलेलीच एक पोर. आता राजधानीत, बिश्केकला, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात काम करते. फोनवर ती म्हणाली, "एजे, नमुना पाठवा. पण एकाच झुडपाचा हवा. मे महिन्यात फुलांचे तुरे, जुलैत पूर्ण वाढलेली पानं. विलोला आधी तुरे येतात, ते गळतात, मग पानं मोठी होतात. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत, म्हणून तर सगळे चुकतात." एजे म्हणजे थोरली ताई, तिकडे शाळेतल्या बाईंनाही तेच म्हणतात.

"मला शिकवतेस?" शारकान म्हणाली.

आणि पहिल्या वर्षी शारकान चुकली. मे महिन्यात तुरे घेतले, जुलैत पानं घेतली, अंदाजानं, त्याच जागेवरून. कागद परत आला. त्यावर एकच ओळ होती : दोन वेगळ्या झुडपांचं मिश्रण, ग्राह्य नाही. पुळणीच्या कडेला रानच्यात आणि लावलेल्यात मिसळ झालेली झुडपं आहेत. आई कोण, बाप कोण, कुणाला पत्ता नाही. त्यातल्याच एकाची पानं तिनं तोडली होती. तीस वर्षं पोरांचे कागद तपासलेल्या बाईला तपासलेला कागद परत येणं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. आठ दिवस तिनं तो कुणाला दाखवला नाही. मग दारातच उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "मी नापास झाले."

"हातानं बघायचं सोडून डोळ्यानं बघतेस," जुमाकादिर म्हणाला. "मला विचारलं असतंस तर साल चावून सांगितलं असतं."

"समितीला तुझे दात पाठवू का?"

"पाठव. चारच उरलेत, जपून गुंडाळ."

दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या, तिनं कच्चं काम ठेवलं नाही. मे महिन्यात पुळणीच्या मधोमध, मिसळीपासून लांब, एक फोफावलेलं झुडूप निवडलं. छाटणीच्या कात्रीनं तिरप्या कापाच्या तीन फांद्या घेतल्या, तुऱ्यांसकट. त्या झुडपाला खूण म्हणून एक निळी चिंधी बांधली. घरात हाताशी लागलेल्या जुन्या सदऱ्याची पट्टी. तिच्यावर पेन्सिलीनं ७ लिहिलं. शाईचं लिहिलेलं पाण्यानं जातं, पेन्सिलीचं राहतं, हे तिनंच तीस वर्षं शिकवलं होतं. तुरे बिश्केकला गेले, क्रमांक सात म्हणून नोंदले गेले. आता जुलैत जायचं, निळी चिंधी बघायची, पानं घ्यायची. हे कुणालाही जमेल.

मध्ये जूनभर तिला जाता आलं नाही. वर बर्फ वितळून नदी फुगली होती, पुळण दीड महिना पाण्याखाली होती. शारकान काठावर येरझारा घालायची आणि पाण्याला बोलायची. जुलैच्या बारा तारखेला पाणी उतरलं. तेरा तारखेला ती कात्री, जुनी वर्तमानपत्रं आणि दोन फळ्या पिशवीत घालून पुळणीवर गेली, आणि जागच्या जागी थांबली. लग्नानंतर ती अशी थांबलेली बहुधा ही दुसरीच वेळ.

पुळणीवरच्या तेवीस झुडपांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

पांढऱ्या, निळ्या, फुलाफुलांच्या, एक तर चक्क लहान मुलाच्या मोज्याची. काही झुडपांना एक, काहींना पाच-सहा. झऱ्याजवळच्या देवाच्या झाडाला बांधतात तशा. शारकाननं पिशवी खाली टाकली आणि एकेक चिंधी बोटाच्या टोकानं उलटून बघायला लागली. सोडायची नाही, एवढं भान होतं; नवसाची गाठ दुसऱ्यानं सोडायची नसते. निळ्या अकरा निघाल्या. सात कुठल्याच चिंधीवर नव्हतं. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं बघितलं. पलीकडच्या काठावर चालक यंत्राच्या पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत तिची गंमत बघत होता.

"काय हरवलं, एजे?" तो ओरडला.

"अक्कल!" ती ओरडली. "तुला सापडली तर पाठव!"

घरी आली तेव्हा जुमाकादिर अंगणात रिकामा बसला होता. ओंडका कोरडा, खाच रिकामी.

"पुळणीवर चिंध्या कुणी बांधल्या?"

"मला वाटलं तूच," तो म्हणाला. "तुझ्या चिंध्यांनी माझा धंदा बसवलाय. मे संपल्यापासून एक काडी कापलेली नाही मी. चिंधीच्या झुडपाला कोयता लावायचा का? घरातून मढं काढायचंय?"

"मग बोलला नाहीस?"

"बोलायला तू बसलीस कुठे?"

तिनं पिशवीतली कात्री काढली. "बरं. मी प्रत्येकाची एकेक फांदी घेते. तेवीसही पाठवते. शोधू देत त्यांना."

"शारकान." तो नावानं हाक मारत नाही, मारली की विषय संपलेला असतो. "त्या झुडपांना कात्री लावलीस तर या घरात मी राहणार नाही. गोठ्यात राहीन. आणि लोक तुला काय करतील ते मला विचारू नकोस."

तिला काय करतील ते तिलाही माहीत होतं. शिवाय तेवीस पाठवून भागणार नव्हतं. आयझादानं बजावलं होतं, "साल, कळ्या, तुरे, सगळं पानाशी ताडून बघतात. गेल्या वर्षी एकदा झालंय. या वेळी चुकलं तर तुमचा अर्ज पुन्हा घेत नाहीत. आणि शनिवारपर्यंत हातात हवं." मंगळवार होता. पानं कागदात दाबायला दोन दिवस, गाडीवाल्याबरोबर पाठवायला एक.

"बात्माला विचार," जुमाकादिर मागून म्हणाला. "तिच्या फुलाफुलांच्या पोशाखाचं कापड आहे त्यातलं अर्धं."

बात्मा म्हणजे शेजारीण, शारकानपेक्षा पाच वर्षांनी मोठी, आणि गावात जे काही होतं त्याच्या मुळाशी नव्हे तर फांद्यांवर नेहमी असणारी. जुलैत ती गावात कशी असेल? गुरं-मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर. घोड्यावरून साडेचार तास. शारकाननं तीन तास वीस मिनिटांत गाठलं. घोडा तिला अजून माफ करत नाही.

बात्मा तंबूत साय काढत होती. डोक्यावर जुमाकादिरच्याच हातच्या काठ्या, धुरानं काळ्या झालेल्या.

"अगं बाई! शारकान! बस, बस. घोडीच्या दुधाचं कुमिस कालचंच आहे, डोकं हलेल असं."

"बसत नाही. पुळणीवर चिंध्या तू बांधल्यास?"

बात्माचा हात सायीत थांबला. मग ती हसली, पण जपून. "मी एकटीनं नाही. मी पहिली. मग खालच्या गल्लीतली झारकिन, मग तिच्या डोंगरपलीकडच्या सुनेनं ऐकलं..."

"का?"

"का म्हणजे? तू बांधलेली दिसली मला. पाणी भरायला गेले होते. निळी पट्टी. ओळखलं मी कापड. मेदेरचा सदरा तो, शाळा सुटायच्या वर्षी शिवलेला. बटणं मीच लावली होती." बात्मानं हात पुसले. "तू तर कधी काही बोलत नाहीस. एवढी शिकलेली, देवाधर्माला नाकं मुरडणारी बाई जाऊन नदीवर चिंधी बांधते, म्हणजे आत किती झालं असेल, म्हटलं. मग मी पण एक बांधली. मेदेरसाठी. बाकीच्यांना सांगितलं. सगळ्यांनी मेदेरसाठीच बांधल्यात गं. म्हणजे झारकिननं गुडघ्यासाठीही एक बांधली, ती वेगळी."

शारकानला सदऱ्याचं लक्षातच नव्हतं. कपाटातल्या खालच्या कप्प्यातून हाताला आलं ते फाडलं होतं. ती तंबूच्या दाराशी गेली, परत आली, चुलीभोवती फिरली. तंबूत येरझारा घालायला जागा नसते, म्हणून गोलच फिरली.

"मी नवस केला नव्हता," ती शेवटी म्हणाली. "मी नमुना घेतला होता. चिंधी खुणेची होती. कुठलं झुडूप ते कळावं म्हणून."

"मग आमची काय वेगळी आहे? आम्हीही वरच्याला कळावं म्हणूनच बांधतो."

"एजे, तुम्हा सगळ्यांच्या प्रेमानं माझं वाटोळं झालंय. त्या तेवीसात माझं कुठलं ते मला सापडत नाही. आणि ते सापडलं नाही तर पुढच्या महिन्यात यंत्र सगळी पुळण उचलणार. तुझ्या डोक्यावरच्या या काठ्या शेवटच्या समज."

बात्मानं वर बघितलं, मग तिच्याकडे. या वेळी तिला खरोखर राग आला. "तेवीसात कसं असेल तुझं? आम्हाला काही रीत आहे की नाही? दुसऱ्याच्या मागण्यावर आपलं मागणं चढवतं का कुणी? तुझ्या झुडपाला कुणी शिवलंसुद्धा नाही. भोवतीनं बांधलं. मी उगवतीच्या बाजूला, झारकिननं मागं, बाकीच्यांनी जिथं जागा मिळाली तिथं. तुझं मध्ये मोकळं ठेवलं."

शारकान थांबली. ही तिसरी वेळ.

"मध्ये?"

"मध्ये."

"मध्ये काही नाही. मध्ये गोट्यांचा ढीग आहे. मी त्याच्यावर उभी राहून चिंध्या मोजल्या."

मग शारकान घोड्याकडे धावली.

"अगं, तुकडा मोड! भाकरीला हात न लावता जातेस? माझ्या दारातून?" बात्मा रोटी हातात घेऊन मागे आली. शारकाननं खोगिरावरूनच वाकून तुकडा मोडला, तोंडात कोंबला, आणि टाच मारली. चावत होती का गिळत होती, घोड्यालाच माहीत.

सकाळी यंत्राचं गुरगुरणं सुरू व्हायच्या आधी ती पुळणीवर होती. जुमाकादिर फावडं खांद्यावर घेऊन मागून आला. तो कुरकुरत होता, पण आला.

ढिगाऱ्याकडे काल तिनं नीट बघितलंच नव्हतं. ज्या बाईला बसता येत नाही तिला पायाखालचं दिसत नाही. आता ती गुडघ्यांवर आली. चिंध्यांची झुडपं भोवती, आणि मध्ये जूनच्या पुरानं आणून टाकलेला, कमरेएवढा, आठ पावलं लांब गोटा-वाळूचा उंचवटा. त्याच्या पाठीवर, दगडांच्या फटीतून, बोटाएवढ्या लालसर काड्या वर आलेल्या होत्या. दहा-बारा. प्रत्येकीला चार-सहा पानं, अरुंद, निमुळती. तिनं एक उलटं केलं. रुपेरी.

"हे गवत नव्हे," ती म्हणाली.

"गवत म्हणालं कोण?" जुमाकादिर शेजारी टेकला. एका काडीवर अंगठा फिरवला, पांढरी भुकटी बघितली, नखानं साल खरवडून जिभेला लावली. थोडा वेळ चघळत राहिला. "आपलंच. पण कुठलं ते मला विचारू नकोस. आपलंच, एवढं सांगतो."

"बाजूला हो."

तिनं हातांनी उकरायला सुरुवात केली. तो फावडं पुढे करत होता, ती घेत नव्हती; फावड्यानं सालीला इजा होईल म्हणून. मोठे गोटे तो उचलून बाजूला ठेवायचा, बारीक ती ओंजळीनं काढायची. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा जुन्या फांद्या लागल्या. आडव्या, पाण्याच्या वाटेनं झोपवलेल्या, सगळ्या एका दिशेला. नव्या काड्या त्यांच्याच अंगातून निघालेल्या होत्या, आणि गाडलेल्या फांद्यांना पांढरी, केसासारखी मुळं फुटलेली होती. जिथं फांदी होती तिथं आता मूळ होतं, आणि त्याला तक्रार नव्हती.

"रस्त्याकडेचं मातीत धरतं, पण असं दगड-पाण्याखाली कुजलं असतं," जुमाकादिर म्हणाला. "हे बघ कसं. गाडलं की मजेत."

यंत्र पलीकडे सुरू झालं. शारकाननं मान वर केली नाही. एक तिरपा काप सापडला. मग दुसरा, हातभर अंतरावर. तिसऱ्याच्या जरा खाली गाळात काहीतरी मऊ लागलं. तिनं ते ओढलं नाही, भोवतीची वाळू काढली, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. निळं. गाठ तिची. गाठीजवळ, फिकट पण स्पष्ट, ७.

ती वाळूतच बसली. चांगली मांडी घालून. जुमाकादिर घाबरला.

"काय झालं? पाणी देऊ?"

"काही नाही. बसले."

मग कात्री काढली तेव्हा त्यानं तिचा हात धरला. "चिंधी आहे, बाई."

"खूण आहे. माझी."

"गावाला ती खूण नाही. गावानं तिच्याभोवती काय केलंय बघ." तो भोवतीच्या फडफडणाऱ्या कपड्यांकडे बघत होता. "विचारून घे निदान."

"कुणाला?"

"झुडपाला. मला काय माहीत कुणाला? मी कापताना म्हणतो काहीतरी."

शारकान देवाला फारशी बोलत नाही. झुडपाला तर तिनं तीस वर्षांत पोरांसमोर फक्त भाग मोजून दाखवले होते. ती जरा घुटमळली. मग घाईघाईनं, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "तीन काड्या घेते. तुझ्याच कामाला घेते." आणि तिरपा काप दिला. एक, दोन, तीन. पानं वर्तमानपत्रात पसरली, काही सुलटी, काही उलटी, लव दिसावी म्हणून. गाडलेल्या फांदीचा मुळांसकट एक तुकडाही घेतला. फळ्यांमध्ये दाबून वादी आवळली आणि जागच्या जागी पेन्सिलीनं कागद लिहिला : क्रमांक ७. नदीपात्रातील गोट्यांची पुळण. मे महिन्यात तुरे. जूनच्या पुरात झुडूप गोट्यांखाली गाडलं गेलं. जुलैत गाडलेल्या फांद्यांना मुळं व नवे कोंब. खुणेची चिंधी मूळ जागीच सापडली.

चिंधी वाळूत पडली होती. तिनं धुतली, पिळली. फळ्यांबरोबर पिशवीत टाकायला गेली, आणि पिशवीच्या तोंडाशी हात थांबला. जुमाकादिरनं तोंड दुसरीकडे वळवलं, जणू त्याला फावड्याच्या दांड्यात एकदम काहीतरी दिसलं. तिनं सगळ्यात उंच काडीला ती परत बांधली. सात आत गेलं की बाहेर राहिलं, ते तिनं बघितलं नाही.

शनिवारी बंडल पोचलं. नऊ दिवस काही कळलं नाही, आणि त्या नऊ दिवसांत जुमाकादिरनं एकदा एकाच वेळी सात वाट्या गोळा केल्या. मग आयझादाचा फोन आला.

"एजे, जुळलं. साल, कळ्या, सगळं."

"जुळणारच. माझ्या हातानं काढलंय."

"पण पानांनी नव्हे हो. तुमच्या त्या मुळांच्या तुकड्यानं काम केलं. लावलेलं असेल अशी समितीतल्या एकाला शंका होती. त्याला तो तुकडा दाखवला. गाडलं गेल्यावर फांदीतून मुळं, आणि तुमचा कागद. मग म्हणाला, हे कुणी लावलेलं नाही, हे इथंच राहणारं आहे."

"एवढं तर जुमाकादिरनं चाखून सांगितलं होतं," शारकान म्हणाली आणि फोन नवऱ्याच्या हातात कोंबून अंगणात गेली. तिथं बराच वेळ ती कुंपण तपासत होती, ज्या कुंपणाला काही झालं नव्हतं.

सप्टेंबरात निर्णय आला. पुलापासून वरचा दोन किलोमीटरचा पट्टा वगळला. पुलाखाली त्यांनी खोदलंच. तिथलं विलो गेलं, आता तिथं पाणी सरळ आणि मुकाट वाहतं. शारकानला हे अर्धंच यश वाटतं, आणि कुणी अभिनंदन केलं की ती चिडते. "पुलाखालचं कोण मोजणार?" म्हणते. वरच्या पट्ट्यातही चिंध्यांच्या झुडपांना कुणी हात लावत नाही, म्हणून जुमाकादिर काड्या कापायला अर्धा तास वर चालत जातो आणि तेवढ्याचं सगळं खापर बायकोवर फोडतो.

कुरणावरून बात्मा खाली आली तेव्हा पहिला प्रश्न, "मेदेरचा फोन?"

"आला. डिसेंबरात येतो म्हणतो."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"गेल्या वर्षीही म्हणाला होता."

"गेल्या वर्षी चिंध्या नव्हत्या."

शारकान वाटी ठेवायला जागा शोधत होती.

यंदा मे महिन्यात समितीनं सांगितलं की त्या झुडपावर दरवर्षी लक्ष ठेवा, उंची मोजा, कोंब मोजा. काम तिलाच दिलं. या वेळी तिनं चिंधीला हात लावला नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा एक तुकडा कापला, खिळ्यानं ७ ठोकलं, तारेनं बुंध्याला अडकवला. पत्र्याला कुणी नवस म्हणणार नाही, हा तिचा हिशेब. जुलैत पाणी उतरल्यावर ती गेली. पत्रा जागेवर होता. शेजारच्या झुडपाला तारेनं बात्माच्या घरचा एक चहाचा चमचा टांगलेला होता, त्याच्या पलीकडे एक बाटलीचं झाकण, आणि त्याच्याही पलीकडे झारकिनच्या घरच्या दाराची जुनी कडी. बहुधा गुडघ्यासाठी.

वाऱ्यावर सगळं खणखणत होतं. शारकाननं उंची मोजली, कोंब मोजले, आकडा वहीत लिहिला. मग पुन्हा मोजले. डिसेंबरात मेदेर आला नव्हता. त्यानं आता ऑक्टोबर म्हटलंय. ती चमच्यापाशी गेली, तार सैल झालेली दिसली, म्हणून दोन पीळ घट्ट मारले, आणि घाईनं घराकडे निघाली. चूल पेटलेली ठेवून आल्याचं तिला आठवलं होतं.